मिनिएचरवर ड्राय ब्रश केला की खडू फासल्यासारखं का दिसतं? आणि बिघडलेली फिगर वाचवता येते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २८ मिमीच्या सरदाराच्या छोट्या पुतळ्यावर, तपकिरी झग्याला उजळ कडा आणायला तुम्ही पांढऱ्याने ड्राय ब्रश केलात (म्हणजे ब्रशवर अगदी थोडा रंग ठेवून तो फक्त उंचवट्यांवर घासलात) आणि सगळा झगा पिठात लोळल्यासारखा झाला. चिलखताला चांदी लावताना एक फटकारा चेहऱ्यावरही गेला. आता सगळा रंग काढून पहिल्यापासून सुरुवात करायची का, असं तुम्ही विचारताय. तर नका काढू. दोन्ही गोष्टी आहे त्या रंगावरच दुरुस्त होतात.

आधी भुकटीचं. ‘ड्राय ब्रश’ या नावामुळे बरेच जण ब्रश टिश्यूवर पुसून पुसून अगदी ठणठणीत कोरडा करतात. टिश्यू रंगातलं पाणी शोषून घेतो आणि केसांवर उरतात ते सुकलेले कण. तेच पुढे फिगरवर झडतात. ब्रशवर रंग कमी हवा, पण जो आहे तो जिवंत हवा. मी टिश्यू वापरणंच सोडलं. टेबलावर एक ओला करून पिळलेला स्पंज आणि एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी फळीचा) एक खरखरीत तुकडा ठेवतो. ब्रश स्पंजला एकदाच टेकवायचा, टोकाला रंग घ्यायचा आणि लाकडावर गोल गोल घासत राहायचं. मग बोट वाकवून पेरावरच्या सुरकुत्यांवर ब्रश हलकेच फिरवून बघायचा. सुरकुत्यांच्या फक्त उंचवट्यांवर रंग धरला आणि खाचा मोकळ्या राहिल्या, की ब्रश तयार. पट्टा उमटला तर अजून घासा. काहीच उमटलं नाही तर पुन्हा स्पंजपासून सुरू करा.

ब्रश मऊ आणि घुमटासारख्या गोल टोकाचा घ्या. आयशॅडोसाठी मिळतो तो उत्तम चालतो. जुना, केस फिसकटलेला चपटा ब्रश दगडाला ठीक आहे, कापडावर तो ओरखडे पाडतो. हात अगदी हलका हवा. एका जागी वीस-तीस वेळा ब्रश फिरला तरी चालेल, पण दाबायचा नाही. दाबलात की केस वाकून खाचेत शिरतात आणि सावली गेली.

भुकटीचं दुसरं कारण रंगाची उडी. गडद तपकिरीवरून थेट पांढऱ्यावर गेलात तर ब्रश कितीही नीट असला तरी खडूच दिसणार. मधल्या पायऱ्या घ्या: आधी तपकिरीत थोडा हस्तिदंती मिसळून सगळ्या चुण्यांवर, मग हस्तिदंती वाढवून फक्त वरच्या बाजूच्या चुण्यांवर, आणि शेवटी जवळजवळ निव्वळ हस्तिदंती, तोही खांदा आणि गुडघा एवढ्यापुरताच. कापडावर शुद्ध पांढरा मी वापरतच नाही.

आता आधीच झालेल्या भुकटीचं काय? झग्याचाच मूळ तपकिरी रंग घ्या. एका थेंबाला पाच-सहा थेंब पाणी किंवा मीडियम (रंग पातळ करायचं पारदर्शक द्रावण) घालून चहाच्या पाण्याइतका पातळ करा. ब्रश त्यात बुडवून पुसायच्या फडक्याला टेकवा, जास्तीचं पाणी जाऊ द्या आणि झग्यावर वरून खाली एकच पातळ थर द्या. कुठे थेंब साचला तर लगेच रिकाम्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर वाळल्यावर तिथे कडेने डाग उमटतो. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा थर. पांढरे कण त्या तपकिरीखाली बसतात आणि मघाशी फसलेला ड्राय ब्रश चक्क मऊ उजेडासारखा दिसायला लागतो. माझ्या दोन-तीन चांगल्या झग्यांची सुरुवात अशीच बिघडलेली होती.

चेहऱ्यावर चांदी गेली, कारण चेहरा आधी रंगवला आणि चिलखत नंतर. ड्राय ब्रश शेजारच्या भागावर थोडा सांडणारच, म्हणून तो सगळ्यात आधी उरकायचा: साखळीचं चिलखत, केसाळ कातडं, खालची जमीन. चेहरा, हात, पट्टे त्यानंतर. चिलखताला मी काळा देऊन त्यावर चांदी ड्राय ब्रश करतो, वरून काळपट तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) सोडतो आणि वाळल्यावर खांद्याच्या कड्यांवर पुन्हा किंचित चांदी. गुळगुळीत भागांवर, म्हणजे गाल, घोड्याचं पोट, सपाट ढाल यांवर, ड्राय ब्रश करू नये. तिथे धरायला उंचवटाच नसतो, नुसता कणकण दिसतो.

तुमची चांदी आता वाळलेली आहे, तेव्हा खरवडू नका. कातडीचा मूळ रंग पातळ करून त्यावर दोन थर द्या. एक जाड थर दिलात तर डोळ्याची खाच बुजेल. आणि धुवायचं पाणी बदला. धातूच्या रंगातले चमचमते कण पाण्यात राहतात आणि पुढच्या प्रत्येक रंगात उतरतात. मी धातूच्या रंगांसाठी पेलाच वेगळा ठेवतो.

चूक ओली असतानाच दिसली तर स्वच्छ, ओलसर ब्रश डागाला टेकवून रंग उचलून घ्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुतेक सगळं निघतं. धोका असतो तो अर्धवट वाळलेल्या रंगाला. एकदा पांढऱ्या घोड्याच्या मानेवर माझ्याकडून लाल ठिपका पडला. मिनिट-दोन मिनिटांनी लक्षात आलं आणि मी तो ब्रशने चोळायला गेलो. वरचा रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन निघाला आणि आत करडा प्रायमर (रंगाआधी द्यायचा तळाचा थर) उघडा पडला. तो ठिपका तसाच वाळू दिला असता तर पांढऱ्याच्या दोन थरांत झाकला गेला असता. खड्ड्याची कड मिटवायला मात्र बारीक पॉलिश पेपर आणि संपूर्ण मान नव्याने रंगवणं आलं. म्हणून अर्धवट वाळलेल्या रंगाला हात लावूच नये, फिगर बाजूला ठेवून दुसरी घ्यावी. एखादा नाजूक टप्पा नीट जमला की त्यावर मॅट वार्निशचा थर देऊन मगच पुढे जातो, म्हणजे नंतरची चूक पुसताना खालचं काम सुटत नाही.

सगळा रंग काढायची वेळ दोनच बाबतींत येते: थर इतके साचलेत की नाक-बोटं दिसेनाशी झालीत, किंवा प्रायमरच खरखरीत बसलाय. हे दुसरं आपल्याकडे जुलैत हमखास होतं. दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला की पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा होतो, आणि त्यावर ड्राय ब्रश केला की प्रत्येक कण उठून दिसतो. पावसाळ्यात मी ब्रशने लावायचा प्रायमरच वापरतो. रंग काढायचाच असेल तर धातूच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या फिगरला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. थोडा वेळ बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खिडक्या उघड्या, हातात मोजे, जवळपास गॅस किंवा उदबत्तीही नको. रेझिन असेल तर आधी तळव्याखाली, न दिसणाऱ्या जागी तपासा. अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकला अजिबात लावू नका, फिगर विरघळते.

सरावासाठी महागडी फिगर घेऊ नका. माझा हात बसला तो दिवाळीच्या किल्ल्यावर. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा कडा आधी काळपट करडा, त्यावर मध्यम करडा, शेवटी फिकट करडा फक्त कडांना. सह्याद्रीचा बेसॉल्ट आहे, तेव्हा फार उजळ करायचा नाही, पायथ्याशी थोडी तांबूस माती घासायची. कॅमलचे ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक रंग घट्ट असतात, या कामाला ते छान बसतात. किल्ला थर्माकोलचा असेल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका, थर्माकोल वितळतो. आधी ब्रशने रंगाचा एक जाड थर द्या.

तुमच्या सरदारासाठी क्रम असा ठेवा: आज चेहऱ्यावर कातडीच्या रंगाचा पहिला थर आणि झग्यावर तपकिरी पाणी, उद्या दोन्हींचा दुसरा थर, आणि डोळे त्यानंतरच. फिगर रेझिनची आहे की धातूची ते खाली लिहा, म्हणजे वार्निश कोणतं घ्यायचं तेही सांगतो.