बाळाला लस मांडीत, मोठ्या मुलीला दंडात. मग कमरेत का देत नाहीत?

आपल्या दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी दोन्ही मांड्यांत सुया दिल्या, साडेपाच वर्षांच्या मुलीला मात्र दंडात. आणि घरातील आजी विचारतात की कमरेला एवढे मांस असताना कोवळ्या मांडीला त्रास कशाला, असा आपला प्रश्न आहे. परभणी जिल्ह्यातील एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून मी बरीच वर्षे लसीकरण सत्रे घेतली आणि हाच प्रश्न अंगणवाडीच्या ओसरीवर अनेक आजींनी मला विचारला आहे.

पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प) या लसी स्नायूत खोलवर द्यायच्या असतात, कारण स्नायूला रक्तपुरवठा चांगला असतो आणि लस तिथून नीट शोषली जाते. या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असल्यामुळे त्या वरच्यावर, चरबीत राहिल्या तर जागा जास्त सुजते आणि गाठ बरेच दिवस राहते. म्हणून त्या वयात भरलेला स्नायू कोणता आणि त्याच्या आसपास मोठी नस नाही ना, हे पाहूनच जागा ठरते. तान्ह्या बाळाचा दंड अगदी बारीक असतो. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाचा स्नायू मात्र जन्मतःच चांगला भरलेला असतो आणि तिथे मोठी नस किंवा रक्तवाहिनी आड येत नाही.

आजी ज्याला मांस म्हणतात ती बाळाच्या बाबतीत बहुतांशी चरबी असते, कारण कुल्ल्याचा स्नायू मूल चालू लागल्यावर भरतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे पायाला जाणारी सायटिक नस तिथूनच जाते. तापासाठी एका खासगी दवाखान्यात कमरेत सुई घेतल्यानंतर पाऊल ओढत चालू लागलेला दोन वर्षांचा मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या आईने त्याला माझ्यासमोर फरशीवर चालवून दाखवले, ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. मोठ्यांच्या बाबतीतही कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस आणि हिपॅटायटिस बीची लस कमरेत दिल्यास तिचा परिणाम कमी होतो, म्हणून ती मोठ्यांना दंडात आणि लहानग्यांना मांडीतच द्यायची असते. गावात कोणी 'कमरेतच द्या' असा आग्रह धरला, तर कृपया त्याला अडवावे.

मांडीची जागा ठरवताना खुब्याचे हाड आणि गुडघा यांमधल्या अंतराचे मनातल्या मनात तीन भाग करायचे आणि मधल्या भागात, बाहेरच्या अंगाला, सुई सरळ काटकोनात घालायची. त्यासाठी लंगोट पूर्ण सोडावा लागतो. थंडीच्या दिवसांत आया तो नुसता वर सरकवतात आणि मग जागा चुकण्याची भीती असते. राष्ट्रीय वेळापत्रकात पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत आणि न्यूमोकोकल उजव्या मांडीत दिली जाते, त्यामुळे सूज आली तर ती कोणत्या लसीची हे लगेच कळते.

सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यानचा डीपीटीचा पहिला बूस्टरही मांडीतच असतो. पाच-सहा वर्षांचा दुसरा बूस्टर मात्र दंडात देतात, कारण तोवर दंडाचा स्नायू भरलेला असतो आणि धावत्या-खेळत्या मुलाची मांडी दुखावत नाही. दहा आणि सोळा वर्षांची टीडी, तसेच गरोदरपणातली टीडी दंडातच. येथे चूक होते ती कपड्यांमुळे. ब्लाऊजची घट्ट बाही वर ओढली की सुई फार खाली जाते, सदऱ्याचा गळा खांद्यावरून खाली ओढला की ती फार वर, सांध्याजवळ, लागते आणि खांदा महिनोन्‌महिने दुखू शकतो. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटे, ही खरी जागा. म्हणून लस घ्यायला जाताना सैल बाहीचे कपडे घालावेत.

आता आपल्याला शंका येईल की बाळाच्या उजव्या दंडावरही एक बारीक सुई दिली होती, ती कशी? ती पोलिओची आयपीव्ही. ती आणि जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेली क्षयरोगावरची बीसीजी या दोन्ही कातडीतच द्यायच्या असतात आणि नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस कातडीखाली. यांपैकी एकीलाही स्नायूची गरज नसते.

सुईची जागा चोळू नये, तिच्यावर हळद-चुना लावू नये. सूज असेल तर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी. सत्रानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. पुढची खेप दहाव्या आठवड्याला आहे, तेव्हा बाळाला तोंडावाटेच्या डोसांसोबत पेंटाव्हॅलंटची एकच सुई, डाव्या मांडीत, मिळेल. आजींना सोबत न्यावे आणि नर्सबाईंना बाळाच्या मांडीवरची जागा त्यांच्या बोटांनी दाखवायला सांगावे.