१४ गाड्यांचं डिझेल: सेन्सर घेण्याआधी तीन आकडे जुळवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत ८ पिकअप, ४ सहाचाकी ट्रक, २ डंपर. मासळी आणि आंबा मुंबई-कोल्हापूरला जातो, डंपर चिऱ्याच्या खाणीवर आहेत. हिशेब पावत्या आणि वहीवर, महिनाअखेरीस मेळ बसत नाही. सगळ्या गाड्यांना डिझेलची पातळी मोजणारा टाकीतला सेन्सर लावावा का?

सगळ्यांना नको, आणि लगेच तर नकोच. डिझेलच्या हिशेबाला तीन आकडे लागतात: पंपावर किती लिटरचं बिल झालं, टाकीत खरंच किती पडलं आणि त्यावर गाडी किती चालली. सेन्सर फक्त मधला आकडा देतो. बाकीचे दोन कच्चे असले की सेन्सरच्या आलेखावरून नुसती भांडणं होतात, आणि त्यात चांगला ड्रायव्हर हातचा जातो.

पहिला आकडा फ्लीट कार्डाने, म्हणजे तेल कंपनीच्या इंधन-कार्डाने, पक्का होतो. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस, यांतलं कोणतंही चालेल. सवलतीपेक्षा हातखंब्यापासून पुढे तुमच्या रस्त्यावर कोणाचे पंप सोयीचे पडतात ते बघा. कार्ड गाडीच्या नंबरावर घ्या, ड्रायव्हरच्या नावावर नको. रोजची मर्यादा टाकीच्या मापाने ठेवा, म्हणजे ६० लिटरच्या टाकीवर ९० लिटरचं बिल होणारच नाही. दर वेळी टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं, आणि पंपाचा आकडा व गाडीचं मीटर असे दोन फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे. मापाची शंका आली तर पंपावर ५ लिटरचं माप मागता येतं, तो ग्राहकाचा हक्क आहे. एवढं महिनाभर नेटाने केलंत तरी कुठल्या गाडीत गडबड आहे ते दिसायला लागेल.

तिसऱ्या आकड्यात, म्हणजे किलोमीटरमध्ये, आपल्याकडे एक मोठा सापळा आहे. जीपीएस यंत्र ठरावीक वेळाने एक बिंदू पाठवतं आणि सॉफ्टवेअर ते बिंदू सरळ रेषेने जोडतं. बिंदू ६० सेकंदांनी येत असेल तर ताशी ३० च्या वेगाने गाडी तेवढ्यात ५०० मीटर जाते. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत तेवढ्यात दोन वळणं होतात आणि नकाशावर ते अंतर खूपच कमी भरतं. किलोमीटर कमी दिसले की ॲव्हरेज पडलेलं दिसतं आणि आळ येतो ड्रायव्हरवर. म्हणून यंत्र लावून घेताना सांगा: चालू गाडीत दर १० सेकंदांनी बिंदू, शिवाय दिशा १५ अंशांनी बदलली की लगेच एक. नंतर पाच-सहा खेपा गाडीच्या मीटरशी ताडून बघा. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा यंत्राला स्वतःची मेमरी हवी, आणि अलार्मची वेळ घटना घडली तेव्हाची धरा, सर्व्हरवर पोचली तेव्हाची नव्हे.

ॲव्हरेजची तुलनाही रस्त्यानुसारच करा. बर्फातली मासळी घेऊन घाट चढणारी खेप आणि कोल्हापूरहून रिकामी उतरणारी खेप एका रांगेत मांडून काहीच कळत नाही. डंपरला तर किलोमीटर लावूच नका. खाणीवर इंजिन उभ्या उभ्या चालतं, हायड्रॉलिक उचलतं, तिथे लिटर दर तास हेच माप.

आता सेन्सर. पिकअपच्या लहान टाकीत तो पैसे वसूल करत नाही. ४ ट्रकना लावा. गाडीच्या मूळ फ्लोटवर (काटा हलवणाऱ्या तरंगत्या गोळ्यावर) विसंबू नका, तो टाकीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला नीट सांगत नाही. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, म्हणजे टाकीत उभ्या नळीतल्या डिझेलच्या विद्युत गुणधर्मावरून पातळी सांगणारा. टाकी उतरवून, रिकामी करून, आतून नीट धुऊन मगच भोक पाडायचं, ठिणगीचा धोका खरा आहे. भोक टाकीच्या मधोमध, म्हणजे गाडी कलली तरी फरक कमी पडतो. नळी तळापासून १५ ते २० मिलिमीटर वर राहील अशी कापायची.

खरी मेहनत कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरचा कुठला आकडा किती लिटरचा ते ठरवण्याची. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, १० लिटर ओता, दोन मिनिटं थांबा, आकडा लिहा, पुन्हा १० लिटर. १६० लिटरच्या टाकीला १६ नोंदी. फिटर ‘रिकामी आणि फुल, दोनच पुरे’ म्हणाला तर ऐकू नका. टाकीचे कोपरे गोल असतात, त्यामुळे तळाजवळचे १० लिटर आणि मधले १० लिटर सारखी उंची भरत नाहीत.

आपल्या हवेत दोन गोष्टी बिघडतात. पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की दमट हवेचं पाणी धरतं आणि तळाला बसतं. असा सेन्सर मापतो विद्युत गुणधर्म (डायइलेक्ट्रिक स्थिरांक), आणि तो पाण्याचा ८० च्या आसपास, डिझेलचा २ च्या आसपास. थोडं पाणी नळीत शिरलं की आकडा भलताच चढतो. रात्री टाकी भरून ठेवा, फिल्टरखालचं पाणी नियमित काढा. दुसरं, मासळीच्या गाडीतून खारं पाणी चासीवर गळत असतं. खालचा कनेक्टर बघा, पिना हिरव्या पडलेल्या सापडतील. जोड केबिनमध्ये आणा, आणि अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

आलेख वाचायला शिका. गाडी उभी, चावी बंद, पातळी काही मिनिटांत सलग खाली आली आणि परत चढली नाही, तर डिझेल काढलंय. चढावर खाली येऊन सपाटीला परत चढली, तर तो निव्वळ कल. एका क्षणात शून्य म्हणजे वायर सुटली. पातळी घसरल्याच्या अलार्मची मर्यादा ६ ते ८ लिटर ठेवा. सेन्सरची चूक, टाकीतली हिंदकळ आणि उष्णता धरून (१० अंशांना डिझेल साधारण ०.८ टक्के फुगतं, म्हणजे १६० लिटरमागे सव्वा लिटर) त्याखालच्या फरकावरून कोणालाही प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे. आणि रिटर्न लाइनला (इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीला) टी मारून, म्हणजे फाटा जोडून, चालू गाडीत थोडं थोडं काढलेलं डिझेल आलेखात वेगळी घसरण दाखवतच नाही, ते फक्त ॲव्हरेजमध्ये सापडतं. तीन आकड्यांचा आग्रह यासाठीच.

ड्रायव्हरांना आधी सांगून सेन्सर लावा आणि त्यांच्या गाडीचा आलेख त्यांच्याच मोबाइलवर द्या. अलार्म आला तर आधी कनेक्टर, मग जागेचा उतार, मग पंपाची पावती, आणि माणसाला विचारणं शेवटी.

खाणीवर बॅरल ठेवत असाल तर परवान्याशिवायची मर्यादा एका जागी एकूण २,५०० लिटर, आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. त्यापुढे पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचा) परवाना लागतो. बॅरलच्या पंपाला मीटर बसवा, नाहीतर तिथून गेलेलं डिझेल कुठल्याच आकड्यात येणार नाही.

डंपर बीएस-६ आहेत की आधीचे, ते कळवा. बीएस-६ असतील तर इंजिनच्या कॅन लाइनवरूनच (गाडीतल्या संगणकांची माहिती वाहणाऱ्या वायरवरून) एकूण डिझेल आणि इंजिनचे तास मिळू शकतील. वायर न कापता, नुसता चिमटा लावून वाचणारं यंत्र त्यासाठी मिळतं, वॉरंटीचा प्रश्न सहसा येत नाही, आणि मग त्या दोघांना टाकीत भोक पाडायची गरजही उरणार नाही.