रंगीत धुराच्या नळकांडीत ज्योत पेटली की रंग का जातो?

लाल धुराच्या नळकांडीच्या तोंडाशी मध्येच ज्योत दिसली आणि धूर काळपट झाला, असं विचारलंय. सोपं आहे: आतला रंग जळून गेला. भुईनळ्याच्या रंगीत उजेडाशी या धुराचं नातं नाही. तिथे स्ट्रॉन्शियम-बेरियमचे क्षार तापून प्रकाश देतात. इथे चक्क कापड रंगवायच्या जातीचं सेंद्रिय रंगद्रव्य भरलेलं असतं. लालसाठी बऱ्याचदा १-मिथाइलअमिनोअँथ्राक्विनोन. उष्णतेने त्याची वाफ होते, भोकातून बाहेर पडताच ती गार हवेत थिजते आणि तिचे सूक्ष्म कण तरंगत राहतात.

म्हणजे रंगाची वाफ व्हायला हवी, पण रेणू तुटता कामा नये. म्हणूनच ॲल्युमिनियमची भुकटी इथे बाद. तिचं जळणं २००० अंशांच्या पार जातं. त्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट (जळायला ऑक्सिजन पुरवणारा क्षार) आणि साखर किंवा लॅक्टोज (दुधातली साखर). साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते, क्लोरेट ३५६ला, त्यामुळे ही जोडी कमी तापमानातच पेट घेते. तरीही उष्णता जास्तच होते, म्हणून खायचा सोडा. विघटन होताना तो उष्णता शोषतो, आणि त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड न् पाण्याची वाफ रंगाला बाहेर ढकलतात, ज्योतही दाबून ठेवतात. क्लोरेटही मुद्दाम अपुरं ठेवतात. ऑक्सिजन कमी पडून साखरेतला बराचसा कार्बन डायऑक्साइडपर्यंत न जाता विषारी कार्बन मोनॉक्साइड होऊनच थांबला की उष्णता कमी निघते. (बंद खोलीत ही नळकांडी लावू नये, त्याचं हे एक कारण.)

आता ज्योत कुठून आली? बहुधा कवच फाटलं किंवा दाबून भरलेल्या मसाल्याला भेगा गेल्या. भेगांमुळे जळणारा पृष्ठभाग वाढतो, तापमान चढतं आणि रुंद झालेल्या तोंडाशी गरम वायूला हवेतला ऑक्सिजन मिळतो. भोक बुजलं तर उलटं: आत दाब साठून नळकांडी फुटते. त्यामुळे आपटलेली, चेपलेली नळकांडी पेटवूच नका.

पांढऱ्या धुराला रंगद्रव्य लागत नाही. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि साखर जळली की पोटॅशियम कार्बोनेटचे कण उडतात. साध्या काळ्या दारूचं (बंदुकीच्या दारूचं) तर अर्ध्याहून अधिक वजन घन अवशेषातच जातं, फटाक्यांचा बराचसा धूर तोच. लष्करी धूरगोळ्यात हेक्साक्लोरोइथेन, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमपासून झिंक क्लोराइड बनतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दमट दिवशी पडदा दाट होतो. फुप्फुसांना मात्र ते घातक.

घरी बनवायचा विचार असेल तर सोडून द्या. क्लोरेटमध्ये गंधक मिसळलं तर ओल आणि आम्लाच्या अंशाने मिश्रण आपोआप पेटू शकतं, घासलं तरी पेटतं. भारतात फटाक्यांमध्ये या जोडीवर १९९२पासून बंदी आहे.