दहावा, पण कशाचा? : 'डेसिमेशन', खंडणी आणि साहोत्रा

प्रश्न : राजाला हरवून सत्तेवर आलेल्या सेनानी क्रॉमवेलच्या काळातल्या इंग्लंडवरच्या एका मराठी मजकुरात '१६५५ साली मेजर-जनरलांनी राजपक्षीयांवर विध्वंस कर लादला' असं वाक्य आहे. मूळ इंग्रजी शब्द 'डेसिमेशन टॅक्स'. हे भाषांतर बरोबर आहे का? नसेल तर 'खंडणी' म्हणावं का?

उत्तर : दोन्ही नकोत. पहिलं साफ चूक आहे आणि दुसरं जवळजवळ उलटं.

'विध्वंस' कुठून आला ते उघड आहे. आजच्या इंग्रजीत 'डेसिमेट' म्हणजे धूळधाण करणं. कोश उघडला, पहिला अर्थ उचलला आणि करापुढे चिकटवला. लॅटिन 'डेसिमस' म्हणजे दहावा, आपल्या 'दशम'चा सख्खा भाऊ. रोमन सैन्यात बंड केलेल्या तुकडीतल्या दर दहांमागे एकाला चिठ्ठी टाकून मारत आणि ते काम त्याच्याच सोबत्यांच्या गळ्यात घालत. तिथून 'संहार' हा अर्थ पसरला. पण त्याच क्रियापदाला 'दहावा हिस्सा वसूल करणे' असा बिनरक्ताचा अर्थही होता आणि १६५५चा कर त्या अर्थाचा. शंभरातले नव्वद शिल्लक राहतात त्याला विध्वंस म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

आता दहावा, पण कशाचा? खरी गफलत इथेच होते. मार्च १६५५ मध्ये सॉल्झबरीत राजपक्षीयांचा, म्हणजे हरलेल्या राजाच्या बाजूच्या लोकांचा, एक फसलेला उठाव झाला. त्यानंतर क्रॉमवेलने इंग्लंड-वेल्सचे दहा-अकरा लष्करी विभाग पाडून प्रत्येकावर एक मेजर-जनरल नेमला आणि सुमारे सहा हजार घोडेस्वारांची राखीव शिबंदी उभी केली. साध्या स्वाराला वर्षाला ८ पौंड. त्याने आपल्या घरी राहायचं, बोलावलं की घोड्यासकट हजर व्हायचं. या शिबंदीचा खर्च जुन्या राजपक्षीयांनी द्यायचा, कारण 'तुमच्यामुळेच ही फौज ठेवावी लागते' असं सरकारचं म्हणणं. ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला १०० पौंड किंवा ज्याची जंगम मालमत्ता १,५०० पौंड, तो या कराच्या कक्षेत आला. जमीनवाल्याने वार्षिक उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी द्यायचा. म्हणजे १०० पौंड उत्पन्नावर १० पौंड. 'मालमत्तेचा दहावा हिस्सा जप्त' असं कुठे वाचलंत तर तेही खोडा. त्या काळी जमिनीची किंमत साधारण वीस वर्षांच्या उत्पन्नाइतकी धरत, म्हणजे त्याच माणसाची मालमत्ता २,००० पौंडांची आणि तिचा दहावा हिस्सा २०० पौंड. दहा आणि दोनशे यांत वीस पटींचा फरक आहे, शब्द मात्र दोन्हीकडे 'दहावा'च.

आणि या दोनशेचा संबंध तुमच्या दुसऱ्या पर्यायाशी, खंडणीशी आहे.

वर्तमानपत्रांनी 'खंडणी' या शब्दाचे जे हाल केले आहेत ते बघवत नाहीत. आज खंडणी म्हणजे गुंडाने पिस्तूल दाखवून मागितलेले पैसे. मुळात 'खंडणे' म्हणजे ठरवणं, तोडून एक आकडा पक्का करणं. शेत खंडाने देतो तो हाच खंड : पीक कितीही येवो, आकडा ठरलेला. शहराने किंवा संस्थानिकाने घासाघीस करून एक ठोक रक्कम कबूल केली, की ती खंडणी. धाक असायचाच, नाही कोण म्हणतो? पण खंडणीचा जीव धाकात नसून ठरावात आहे. एकदा खंडली की तो विषय मिटला.

इंग्लंडमध्ये हुबेहूब असा प्रकार होता आणि त्याचं इंग्रजी नावही हाच अर्थ सांगतं : 'काँपाउंडिंग', म्हणजे तडजोड. १६४०च्या दशकात राजाच्या बाजूने लढलेल्यांच्या जमिनी संसदेने अटकावून ठेवल्या. त्या सोडवायच्या तर लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये बसणाऱ्या समितीपुढे जायचं, मालमत्तेचा तपशील शपथेवर द्यायचा, अपराधाच्या वजनानुसार दहावा, सहावा, तिसरा असा ठरलेला हिस्सा मान्य करायचा, अर्धी रक्कम आधी भरायची, मग जप्ती उठायची. वर काढलेले २०० पौंड ते हेच : दहाव्याचा दर म्हणजे दोन वर्षांचं उत्पन्न. सहाव्याच्या दराने तोच माणूस सुमारे ३३३ पौंडांना पडे. याला मराठीत बेलाशक 'खंडणी' लिहा, याहून नेमका शब्द मिळायचा नाही. त्यावर फेब्रुवारी १६५२ मध्ये संसदेने माफीचा कायदा करून जुनी प्रकरणं बंद केली.

आणि तीनच वर्षांनी ज्यांनी खंडणी भरली होती, ज्यांना माफी मिळाली होती, त्यांच्यावरच पुन्हा दहावा बसला! राजपक्षीय चिडले ते दहा पौंडांसाठी नाही. खंडलेली गोष्ट पुन्हा उघडली म्हणून. या कराला 'खंडणी' म्हटलं तर त्याच्याबद्दलची मुख्य तक्रारच वाचकाला कळणार नाही.

मग शब्द कोणता? 'दशमांश' हा पहिला उमेदवार, पण मराठी बायबलने तो चर्चला द्यायच्या हिश्शासाठी कधीच घेऊन ठेवला आहे. त्या काळच्या इंग्लंडात तो चर्चचा दशमांशही चालूच होता, त्यामुळे एकाच पानावर दोन दशमांश आले की वाचक गोंधळणार. 'दशांश पट्टी' म्हणावं तर डोळ्यांपुढे शाळेतली फूटपट्टी येते. मला विचाराल तर 'दहोत्रा'.

नाक मुरडू नका. मराठेशाहीच्या हिशेबात 'साहोत्रा' हा रुळलेला शब्द आहे. १७१९च्या मुघल सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई मराठ्यांना मिळाली, बदल्यात पंधरा हजार स्वारांची चाकरी. या चौथाईचे पुढे चार वाटे : २५ टक्के राजबाबती (छत्रपतींचा हिस्सा), ६ टक्के साहोत्रा, ३ टक्के नाडगौंडा आणि उरलेले ६६ टक्के मोकासा, ज्यावर सरदाराची फौज पोसायची. हजार रुपये वसुलीच्या गावाची चौथाई २५० रुपये. त्यातले राजबाबतीचे ६२ रुपये ८ आणे, साहोत्र्याचे १५, नाडगौंड्याचे ७ रुपये ८ आणे, मोकाशाचे १६५. साहोत्रा पंत सचिवांकडे जाई. सरदेशमुखीचे शेकडा दहा या सगळ्यापासून वेगळे.

हा '-ओत्रा' कुठला? 'षडुत्तर'मधला 'उत्तर'. उत्तर म्हणजे वरचा, अधिक. अष्टोत्तरशत नामावली म्हणजे शंभरावर आठ, १०८ नावं. जुन्या पाढ्यांत पंधरा साते 'पाचोत्तरशे' आणि अकरा दाहे 'दाहोत्तरशे' म्हणत, तोच हा उत्तर. आजी 'पाचोदर्शे' म्हणायची तेव्हा ती संस्कृतच बोलत असते, हे नातवंडांना माहीत नसतं. महिन्याला शेकडा एक व्याज ते 'एकोत्रा' : शंभर दिले, एकशे एक परत आले.

कोश 'साहोत्रा = शेकडा सहा' एवढं लिहून हात झटकतात. शेकड्या'तले' सहा की शेकड्या'वर' सहा? शब्द तर ओरडून 'वर' म्हणतो आहे! माझं मत असं, की '-ओत्रा'वाले सगळे शब्द मुळात वरकडीचे असले पाहिजेत, जसं व्याज. मुद्दलाला हात न लावता त्याच्या डोक्यावर घेतलेले. पुढे वाटण्यांच्या हिशेबात ते 'आतले' झाले आणि साहोत्रा चौथाईच्या पोटात शिरला. हा भेद निव्वळ पंडिती नाही. वर घेतलेले दहा म्हणजे एकूण एकशे दहांतले दहा, अर्थात अकरावा हिस्सा. आत घेतलेले दहा म्हणजे दहावा. आजही ११८ रुपयांच्या बिलातून १८ टक्के जीएसटी 'काढायला' सांगितला तर निम्मे लोक २१ रुपये २४ पैसे काढतात. खरे १८. त्यांना '-ओत्रा' शिकवा.

चौथाईवर न्यायमूर्ती रानडे आणि जदुनाथ सरकार यांचं जे वाजतं, तेही मला शब्दाकडे पाठ फिरवून केलेलं भांडण वाटतं. रानड्यांना चौथाईत वेलस्लीच्या तैनाती फौजेची पद्धत दिसली, सरकारांना तीत मराठा फौज दारात येऊ नये म्हणून मोजलेली किंमत. दोघांनाही हेतू शोधायचा आहे. शब्द मात्र फक्त प्रमाण सांगतो : चौथा हिस्सा. प्रमाण ठरलं की वसुलीचा आकडा पिकाबरोबर वरखाली होतो, म्हणून हिशेब बघायला कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, लागतो. खंडणीला तो लागत नाही. चौथाईला 'खंडणी' म्हणणारे इतिहासकार इथेच घसरतात आणि त्यांत मोठी नावं आहेत.

इंग्लंडकडे परत. तिथला मुख्य लष्करी कर दहोत्रा नव्हताच. तो होता 'मंथली असेसमेंट' आणि त्याचं 'मासिक आकारणी' हे भाषांतरही मला खटकतं. आकारणीत आधी मालमत्ता मोजतात, मग कर ठरतो. इथे उलटं. आधी फौजेला लागणारी रक्कम ठरायची (१६४५ मध्ये महिन्याला सुमारे ५३ हजार पौंड, १६४९ मध्ये ९० हजार, डच युद्धाच्या वेळी १ लाख २० हजार), मग ती परगण्यांवर, तिथून गावांवर, शेवटी घरांवर वाटली जायची. याला मराठीत 'फाळा' म्हणतात. देशाच्या वाटणीसाठी आपण वापरतो त्या फाळणीचा हा थोरला भाऊ. फाळ्याचा फायदा असा की सरकारला रक्कम आधीच पक्की ठाऊक असते. तोटा असा की एका गावाने चुकवला तर तूट तशीच राहते, कारण शेजारच्या गावाचा आकडा आधीच बांधलेला. मग थकबाकीदाराचं सामान विकायचं, किंवा त्याच्या घरी शिपाई राहायला घालायचे. आपल्याकडचा 'मोहसल बसवणे' तो हाच.

'एक्साइज'ला, म्हणजे मालावरच्या कराला, अबकारी म्हणू नका, एवढंच सांगून पुढे जातो. अबकारीत 'आब' आहे, ती दारूशी बांधलेली. १६४३ला संसदेने सुरू केलेली एक्साइज बिअरवर होतीच, पण पुढच्या वर्षी मांस-मिठावरही गेली आणि फेब्रुवारी १६४७ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात लोकांनी तिची कचेरी जाळली. मिठावरच्या कराला अबकारी म्हणणं म्हणजे मिठाची दारू गाळणं.

आरमाराचं काय? पहिल्या चार्ल्सच्या 'शिप मनी'ला सरळ 'जहाजपट्टी' म्हणा. पण १६५०च्या कायद्याने व्यापारी गलबतांच्या सोबतीला लढाऊ जहाजं द्यायची म्हणून जकातीवर जादा १५ टक्के बसवले, ते खरे लोभस. जकात १०० पौंड होत असेल तर आता ११५. शंभराला धक्का नाही, वर पंधरा. शुद्ध, सोवळा 'पंधरोत्रा'!

इथे माझीच अडचण होते, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. '-ओत्रा' म्हणजे 'वर' असेल तर उत्पन्नाच्या आतून घेतलेल्या डेसिमेशनला 'दहोत्रा' कसं म्हणणार? साहोत्र्याच्या आधाराने. तो आत शिरून रुळला, तर त्याच्या मागोमाग हाही चालेल. व्युत्पत्तीने शब्दाचं गाव कळतं, त्याने राहायचं कुठे हे वापर ठरवतो.

तेव्हा वाक्य असं करा : '१६५५ साली मेजर-जनरलांनी राजपक्षीयांच्या वार्षिक उत्पन्नावर दहोत्रा लादला.' 'लादला' बदलू नका, तुमच्या लेखकाचा तेवढा एक शब्द बरोबर आहे. संसदेची मंजुरी या कराला आधी नव्हती, नंतरही मिळाली नाही. तो चालू ठेवायचं विधेयक नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १६५६ला मांडलं गेलं (क्रॉमवेलच्या बाजूच्या कर्मठ प्रोटेस्टंटांना, म्हणजे प्युरिटनांना, नाताळची सुटी मान्य नव्हती) आणि २९ जानेवारी १६५७ला १२४ विरुद्ध ८८ मतांनी पडलं.