रस्ता खराब म्हणून गावाची एसटी बंद झाली, तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही म्हणताय की डेपोने रस्त्याचं कारण सांगून फेरी बंद केली, आणि रस्ताही सरकारचा, एसटीही सरकारची, मग भांडायचं कुणाशी. माझे वडील, म्हणजे अण्णा, आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे मी एक बाजू धरून बोलणार.

सरकार म्हणून एक कोणी नसतंच. एसटी महामंडळ 1950 च्या कायद्याखालचं वेगळं मंडळ आहे. गाड्या त्यांच्या, डेपो त्यांचे, पण गावच्या रस्त्यावर घमेलंभर खडी टाकायची तर ते काम त्यांचं नाही. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. "गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी" हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यात रस्ता आधी येतो याकडे कुणी लक्ष देत नाही.

2005 च्या पावसाळ्यात अण्णांकडे मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, खोऱ्यातल्या शेवटच्या गावात मारुतीच्या देवळासमोर लागायची, ड्रायव्हरकाका आणि अण्णा गाडीतच सीटवर झोपायचे, आणि सकाळी सहाला तीच गाडी दुधाचे कॅन, बाजाराला निघालेल्या बायका आणि हायस्कूलच्या पोरी घेऊन परत. गावाच्या अलीकडे ओढ्यावर फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल होता, तिची एक कड त्या पावसात वाहून गेली. त्यानंतर एका शनिवारी मी हट्टाने अण्णांबरोबर गेलो होतो. फरशीपाशी अण्णांनी एक बेल मारली, खाली उतरले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी, आधी पाणी फरशीच्या खाली आहे ना ते बघितलं, मग तुटलेल्या कडेवर ड्रायव्हरला दिसावा म्हणून एक पांढरा दगड ठेवला, सगळे पॅसेंजर उतरवून चालत पलीकडे नेले, एका म्हातारीला तर हाताला धरून, आणि मग रिकामी गाडी बोटाबोटाने पुढे आली. पलीकडे सगळे चढल्यावर डबल बेल. हे रोज दोनदा चालायचं आणि याचा कुणी भत्ता देत नव्हतं.

पंधरा दिवसांनी मागचं चाक कडेवरनं घसरलं, चाकावरचा पाटा (स्प्रिंग) तुटला, गाडी रात्रभर तिरकी उभी. दुसऱ्या दिवसापासून फेरी चार किलोमीटर अलीकडे, फाट्यापर्यंतच. गावाने कुणाला धरलं तर अण्णांना! "कंडक्टरला मुक्काम नको होता म्हणून गाडी बंद पाडली" असं त्यांच्या तोंडावर बोलले, ज्या घरांतनं रोज रात्री भाकरी यायची त्याच घरातली माणसं. डेपोने रस्त्याच्या खात्याला पत्र दिलं होतं, त्याची प्रत मी वाचलीय. उत्तर आलं, निधी उपलब्ध झाल्यावर काम घेऊ. सात महिने गेले. हायस्कूलला जाणाऱ्या पोरींपैकी चौघी घरी बसल्या. त्यांच्या दप्तरात एसटीचा मोफत पास होता आणि गाडी चार किलोमीटर लांब होती, ही गोष्ट मला अजून टोचते.

शेवटी गावाने श्रमदानाने दगड-मुरूम भरला, तरी गाडी लगेच आली नाही, कारण रस्ता वाहतुकीस योग्य आहे असं इंजिनियरने लिहून द्यायला पाहिजे होतं आणि त्या एका कागदाला आणखी महिना लागला.

माझे दाजी दर गणपतीत म्हणतात, एसटी रिकाम्या गाड्या फिरवते, विकून टाका, वडाप (खासगी जीप) परवडलं. दाजी, त्या सात महिन्यांत त्या गावात एकही वडाप गेलं नाही. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि चार पोरींनी जीप भरत नाही. एसटीच्या कायद्यातच लिहिलंय की धंद्याच्या तत्त्वाने चालवा, आणि त्याच एसटीला सांगतात की 75 च्या वरच्यांना मोफत, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पोरींना पास. सवलती पाहिजेतच, मी त्यांच्या बाजूने आहे. पण तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर पण लावायचा आणि मग भारमान कमी, म्हणजे गाडीत माणसं कमी, म्हणून नावं ठेवायची, हे बरोबर नाही. आणि "ड्रायव्हर नखरे करतात" म्हणणाऱ्यांनी 2016 चा ऑगस्ट आठवावा, महाडजवळ सावित्रीचा पूल वाहून गेला आणि रात्रीच्या दोन एसटी माणसांसकट गेल्या. तिथे वर्षाच्या आत नवा पूल झाला. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

आता तुमचं. आधी रस्ता कुणाचा ते बघा, किलोमीटरच्या दगडाचं डोकं हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा. ग्रामसडकचा असेल तर पाटीवर ठेकेदाराचं नाव असतं आणि पाच वर्षं देखभाल त्याच्याच गळ्यात असते, ती मुदत संपली का ते तपासा. ग्रामसभेचा ठराव करा, ठराव रस्त्याच्या खात्याला आणि त्याची प्रत आगार व्यवस्थापकाला, म्हणजे डेपो मॅनेजरला. त्यात शाळेची वेळ आणि किती पोरं अडली तो आकडा लिहा, नुसतं "गैरसोय होते" लिहू नका.

एक मात्र मान्य करतो, गाड्या किंवा ड्रायव्हर कमी असले की काही डेपो रस्त्याचं कारण पुढे करतात, हे अण्णाही म्हणायचे. त्यामुळे फेरी कुठल्या तारखेपासून आणि कुठल्या कारणाने रद्द आहे ते माहिती अधिकारात मागा. आणि अण्णांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, कागदपत्रांची पद्धत थोडी बदललेली असू शकते, डेपोत एकदा विचारून घ्या. तिथे खिडकीवर जो कंडक्टर भेटेल त्याच्यावर ओरडू नका, फेरी त्याने बंद केलेली नसते. आणि दोन्हीकडे पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय जागचे हलू नका.