अंगावरून वारे गेलेल्या रुग्णाचे सांधे किती हलवावेत?

प्रश्न : मी लातूरमध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवेचे काम करते. सध्या ज्या आजोबांकडे जाते, त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले असून तो हात त्यांना स्वतःहून हलवता येत नाही. बळ यावे म्हणून हात ताणून डोक्यावर नेत जा, असा घरच्यांचा आग्रह आहे. आजोबा मात्र कण्हतात. काय करावे?

उत्तर : ताई, आजोबा कण्हले की तिथेच थांबावे. रुग्णाचा सांधा आपण हलवतो, तेव्हा त्यातून स्नायूंना बळ येत नाही. सांधा आखडू नये, एवढ्यासाठीच तो व्यायाम असतो, हे घरच्यांना आधी नीट सांगावे. खांद्याला विशेष जपावे लागते, कारण त्याभोवतीचे स्नायू सैल पडल्यावर दंडाचे हाड खोबणीतून खाली सरकू शकते. म्हणून आजोबांना हात धरून ओढणे, बसवताना काखेत हात घालून उचलणे किंवा दोरी-कप्पीने हात वर खेचणे हे सारे टाळावे. हात बाजूला नेताना एका हाताने कोपराला व दुसऱ्याने मनगटाला खालून आधार द्यावा, तळहात वर वळवून घ्यावा आणि फिजिओथेरपिस्टने वेगळे सांगितले नसेल, तर खांद्याच्या पातळीच्या, म्हणजे ९० अंशांच्या, वर जाऊ नये.

इतर सांध्यांनाही असाच आधार द्यावा. झटका दिल्यास ताठर स्नायू अधिकच ताठरतो, त्यामुळे प्रत्येक हालचाल सावकाश, साधारण ५ ते १० वेळा, दिवसातून दोनदा करावी. उन्हाळ्यात सकाळी अंग पुसण्याची वेळ आपल्याकडे सोयीची पडते. बोटे, अंगठा आणि घोटा हमखास विसरले जातात. टाच तळहातात धरून पाऊल हलकेच नडगीकडे वळवावे. हे राहून गेले, तर पाऊल खाली झुकलेल्या स्थितीतच आखडते आणि पुढे आजोबा उभे राहू लागले तरी टाच जमिनीला टेकत नाही. डाव्या हाताने उजवा हात धरून हलवणे त्यांना जमत असेल, तर तेवढे त्यांनाच करू द्यावे. मानेला मात्र डॉक्टरांच्या सूचनेशिवाय हात लावू नये.

आपल्याकडे तेल लावून पाय चोळण्याची रीत आहे, म्हणून एक सांगणे आवश्यक वाटते : एखादी पोटरी अचानक सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते, अशा वेळी चोळणे व व्यायाम दोन्ही थांबवून डॉक्टरांना तातडीने कळवावे.