कृष्णवर्णीय अमेरिकन मैत्रिणींच्या मोकळ्या गप्पांना एवढे महत्त्व का दिले जाते?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील कृष्णवर्णीय मैत्रिणी एकत्र बसून स्वतःची जडणघडण, संस्कृती आणि लैंगिकता यांविषयी मनमोकळे बोलतात, त्याची अभ्यासकांनी एवढी दखल का घ्यावी; शेवटी त्या गप्पाच ना? मी स्त्रीवादी साहित्य शिकवते. ज्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या मौन राखूनच स्वतःला जपावे लागले, त्यांचे असे बोलणे मला फार मोलाचे वाटते.

गुलामगिरीत या स्त्रियांच्या शरीरावर मालकाचा हक्क मानला जाई, आणि त्या मुळातच स्वैर असतात असे सांगून त्यांच्यावरील बलात्कारांवर पांघरूण घातले जाई. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, तरी हा शिक्का पुसला गेला नाही. म्हणून वरवर मोकळे वागायचे, पण अंतरीचे काही कोणाला कळू द्यायचे नाही, ही रीत त्यांनी अंगी बाणवली, असे इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी 1989 मध्ये मांडले. चर्चमधील स्त्रियांनी शालीन वागणुकीचा एवढा आग्रह धरला, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण होते. त्यातून प्रतिष्ठा मिळाली, परंतु स्वतःच्या इच्छेविषयी आणि सुखाविषयी बोलायला जागा उरली नाही.

ती जागा मैत्रिणींनी कशी निर्माण केली, हे 1974 मध्ये बॉस्टन येथे सुरू झालेल्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या गटाच्या 1977 च्या निवेदनात दिसते. लहानपणी आपल्या बौद्धिक आवडीनिवडींची सोबत्यांनी, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांनी, कशी हेटाळणी केली, याविषयी एका बैठकीत बोलणे चालले असताना त्यांच्या ध्यानात आले की, हुशार असल्यामुळेच आपणा सर्वजणींना कुरूपही ठरवले गेले होते. एकटीने मनात ठेवले असते, तर हे प्रत्येकीला स्वतःचेच वैगुण्य वाटत राहिले असते. आपण समलिंगी आहोत, हेही त्यांनी त्याच निवेदनात उघडपणे नोंदवले, आणि तरीही वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात आपण कृष्णवर्णीय पुरुषांच्या बरोबरीनेच उभ्या आहोत, असे निःसंदिग्धपणे सांगितले. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बोलण्याच्या ढंगालाच सांस्कृतिक आणि राजकीय अर्थ आहे, असेही त्यांनी म्हटले आहे.

पुढे 1980 मध्ये बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय लेखिका आणि इतर काही जणींनी काढलेल्या प्रकाशनसंस्थेला 'किचन टेबल' हे नाव दिले, कारण घरात बायका काम करतात आणि एकमेकींशी बोलतात ते स्वयंपाकघरातच.

अशा बोलण्यात समोर कोण बसले आहे, याला फार महत्त्व असते. परक्यांपुढे लैंगिकतेविषयी काढलेला शब्द जुन्या शिक्क्याचा पुरावा म्हणून वापरला जाण्याची धास्ती असते, आणि आपल्या समाजातील पुरुषांची तक्रार मांडली तर ती समाजाशी गद्दारी ठरते. मैत्रिणीपुढे मात्र यातले काहीच आधी समजावून सांगावे लागत नाही. मराठीत ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन आपण वाचले असेल, तर जातीच्या अवमानाबरोबरच संसारातील घुसमटही त्याच स्पष्टपणे लिहिण्यासाठी किती धैर्य लागते, याची आपल्याला कल्पना असेलच.